आत्मा आणि ऊर्जा अक्षय्यतेचा नियम

ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. मग माणसातले चैतन्य तरी कसे नष्ट होईल? आत्म्याच्या अमरत्वाचा हा पुरावा प्रवचनांतून नेहमी दिला जातो, आणि थर्मोडायनॅमिक्स शिकणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थीही तो मनापासून मांडतात. हा पुरावा विज्ञानात टिकत नाही, आणि गीतेशी तर त्याचे मुळीच जमत नाही, असे मला वाटते.

१८४० च्या दशकात जूलने खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर पाण्यात पाती फिरवली आणि पाणी किती तापले ते मोजले. अशा मोजमापांतून सिद्ध झालेल्या नियमात कायम राहते ती ऊर्जेची एकूण बेरीज. ती ऊर्जा कोणाची होती, याची नोंद त्यात नसते. साठ किलोचा देह ३७ अंशांवरून २७ अंशांवर येतो तेव्हा साधारण २१०० किलोज्यूल उष्णता भोवतालात जाते, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज. हिशेब चोख जुळतो, पण त्या हिशेबात गेलेला माणूस कुठेच सापडत नाही. माणूस घडतो तो ज्यूलांच्या संख्येने नव्हे, तर देहामेंदूतल्या विलक्षण रचनेने. आणि रचनेचा प्रश्न आला की थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमाला बाजूला ठेवता येत नाही. औष्णिक वीजकेंद्रात वाफ ५४० अंशांवर आणि कंडेन्सर ४० अंशांवर असेल, तर कार्नोच्या सूत्रानुसार कार्यक्षमतेची कमाल मर्यादा ६१ टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्यक्षात कोळशाचे बहुतेक संच ४० टक्क्यांच्या आतच राहतात. कूलिंग टॉवरमधून गेलेली उष्णता नष्ट झालेली नसते, फक्त ती इतकी विखुरते की तिच्यावर पुन्हा टर्बाइन फिरत नाही. क्लॉझियसने १८६५ मध्ये एन्ट्रॉपी हे नाव दिले ते याच विखुरण्याच्या मापाला. असे विखरून उरणे कोणत्याही भाविकाला अमरत्व म्हणून नको असेल.

परंपरेच्या बाजूने पाहिले तर अडचण आणखी वाढते. गीतेच्या सातव्या अध्यायात अग्नी हा अपरा प्रकृतीच्या आठ भागांपैकी एक आहे, तर दुसऱ्या अध्यायात आत्म्याला अविकार्य म्हटले आहे. ऊर्जा मात्र सतत रूप पालटते. ऊर्जा रूपांतरण हा विषय उभा आहे तो त्यावरच. सांख्यांनीही सारी हालचाल प्रकृतीकडे सोपवून पुरुषाला साक्षी ठेवले. आत्म्याला ऊर्जा म्हटले की ज्या प्रकृतीपासून तो वेगळा काढण्यासाठी आचार्यांनी बुद्धी पणाला लावली, तिथेच तो परत जाऊन पडतो.

यावर कोणी म्हणेल, हा नुसता दृष्टांत आहे. दृष्टांताला आपल्याकडे मान आहेच. पण न्यायदर्शनाच्या पंचावयवी वाक्यातही उदाहरण हेतूची जागा घेत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ही ऊर्जा सूक्ष्म आहे, उपकरणांना न कळणारी. असेल, पण मग तिला अक्षय्यतेची हमी कोणी दिली? जूलची हमी मोजता येणाऱ्या ऊर्जेपुरतीच आहे. यावरून आत्मा नाही असे ठरते का? अजिबात नाही. थर्मोडायनॅमिक्स त्या प्रश्नाला स्पर्शच करत नाही, आणि नास्तिकानेही एन्ट्रॉपीच्या आधारे तो निकालात काढू नये. शंकराचार्यांनी ब्रह्माच्या बाबतीत श्रुतीला प्रमाण मानले आणि तर्काला तिच्या मदतीला ठेवले. ती भूमिका मान्य नसलेल्यालाही तिच्याशी नीट वाद घालता येतो, कारण ती कशावर उभी आहे हे तिने लपवलेले नाही.