औक्षाचा हिशेब

पाडवा असो की भाऊबीज, पाट मांडला की मावशी आधी खिडक्या लावून घ्यायची. बाहेर लडी फुटत असायच्या. तबकातलं निरांजन तीनदा फिरवून होईपर्यंत तिला मध्ये एकदा थांबावं लागे, आणि 'औक्षवंत हो' यातला 'हो' जरा उशिराने यायचा. आम्ही भाचरं तेव्हा हसायचो. औक्ष म्हणजे आयुष्य. 'औक्षण' या शब्दाची व्युत्पत्ती पंडितांनी कुठूनही लावावी, ओवाळणाऱ्या बाईच्या मनात अर्थ एकच असतो: याला भरपूर आयुष्य मिळू दे.

फटाक्यांवर मी लिहिणार नाही. दर दिवाळीत त्यांच्यावर अग्रलेख येतात आणि दर दिवाळीत ते वाजतातच. एवढंच सांगतो, पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने निरनिराळ्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सूक्ष्म धुळीत पहिला नंबर लडीचा आला नाही, नागगोळीचा आला. ती वाजत नाही, म्हणून आपण ती सगळ्यात धाकट्याच्या हाती देतो.

धुराशी आपलं नातं जुनं आणि बरंचसं मायेचं आहे. भरभराटीचं वर्णन करायचं तर मराठी माणूस घरातून सोन्याचा धूर काढतो. चूल पेटली नाही म्हणजे घर उपाशी. बाळंतिणीला धुरी, देवाला धूप. लालबाग-परळच्या धुराड्यांतून धूर निघत होता तोवर कोकणातल्या हजारो घरांत मनीऑर्डर येत होती, आणि तो थांबला तेव्हा हवा सुधारली म्हणून कोणी पेढे वाटले नाहीत. मावशीचं सासर असंच मनीऑर्डरीवरचं. पावसाळ्यात ओलं सरपण, खालच्या आढ्याचं स्वयंपाकघर आणि हातात फुंकणी. चाळीसेक वर्षं तिने चूल फुंकली. विडी-सिगारेट सोडाच, तपकिरीची चिमूटही कधी ओढली नाही. तिचा दमा घराण्यातला आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

हे सगळं आठवायचं कारण वर्तमानपत्रात दरवर्षी येणारी एक बातमी. हवेच्या प्रदूषणामुळे सरासरी भारतीयाचं आयुष्य साडेतीन वर्षांनी कमी होतं, दिल्लीकराचं आठ वर्षांनी. चहा पिता पिता वाचावी आणि पान उलटावं अशी ही बातमी असते, कारण साडेतीन वर्षं नेमकी कुठून गेली ते कोणालाच कळत नाही. मनात येतं ते असं: जगलो असतो ७५ वर्षं, आता जगू साडेएकाहत्तर. शेवटची तीन वर्षं तशीही अंथरुणातच जायची होती! माझ्या एका मित्राचं हे आवडतं वाक्य आहे.

आकडा मुळात येतो कुठून? त्यामागचा खटाटोप मोठा आहे. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये जॉन ग्राँट नावाचा एक कापड-व्यापारी दर आठवड्याला छापल्या जाणाऱ्या मृत्यूंच्या याद्या चाळत बसला. १६६२ साली त्याने त्यावर पुस्तक काढलं. शंभर मुलं जन्मली तर सहाव्या वर्षापर्यंत किती उरतात, सोळाव्यापर्यंत किती, असा तक्ता त्यात होता. सहाव्या वर्षी ६४, सोळाव्या वर्षी ४०, शहात्तराव्या वर्षी एक. विमा कंपन्यांपासून जनगणनेपर्यंत सगळ्यांच्या आयुर्मान-तक्त्यांचा हा पूर्वज. गंमत अशी की त्याच पुस्तकात ग्राँटला लंडन खेड्यापेक्षा जास्त मारकं का, हा प्रश्न पडला आणि त्याचा संशय दगडी कोळशाच्या धुरावर गेला. आयुष्य मोजण्याची कला आणि धुराविषयीची शंका एकाच पुस्तकात जन्मली.

शंकेचं मोजमाप व्हायला मात्र तीनशे वर्षं लागली. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकट धुकं बसलं, तेव्हा पहिल्या हिशेबात सुमारे ४ हजार माणसं दगावली. पुढचे दोन-तीन महिने मृत्यू चढेच राहिले. सरकारने ते इन्फ्लुएंझाच्या खात्यात टाकले. पन्नास वर्षांनी नव्याने आकडेमोड झाली, तेव्हा एकूण संख्या १२ हजारांच्या आसपास निघाली. पाच दिवसांत मारणारी हवा निदान दिसते तरी. चाळीस वर्षं हळूहळू मारणारी दिसायची कशी?

ते दाखवलं हार्वर्डच्या संशोधकांनी. अमेरिकेतली सहा शहरं, आठ हजारांवर माणसं, चौदा ते सोळा वर्षं पाठपुरावा. कोण सिगारेट ओढतो, कोणाचं वजन किती, शिक्षण किती, कामाच्या जागी धूळ आहे का, हे सगळं वजा करून पाहिलं. १९९३ साली निष्कर्ष आला: ओहायोतलं पोलादाचं गाव स्टूबेनव्हिल आणि विस्कॉन्सिनमधलं स्वच्छ पोर्टेज यांत मृत्युदराचा फरक २६ टक्के. उद्योगांनी आकांडतांडव केलं, विदा मागितला, स्वतंत्र संस्थेकडून सगळं पुन्हा तपासून घेतलं. उत्तर तेच आलं.

आता यातली खरी गोष्ट. स्टूबेनव्हिल हे त्या सहांतलं सगळ्यात घाणेरडं गाव. तिथल्या हवेत पीएम २.५, म्हणजे केसाच्या तिसाव्या हिश्श्याएवढे बारीक कण, घनमीटरमागे सरासरी ३० मायक्रोग्रॅम होते. भारताचं २००९ पासूनचं वार्षिक मानक आहे ४०. म्हणजे ज्या गावाने जगाला धूळ माणसं मारते हे शिकवलं, ते आपल्या कायद्याने पास झालं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा ५ वर आणली. आपण आठपटींवर निवांत आहोत.

साडेतीन वर्षांचा आकडा मात्र अमेरिकेतून नाही, चीनमधून आला. तिथे साधारण १९५० ते १९८० या काळात सरकारने ह्वाय नदीच्या उत्तरेला हिवाळ्यात घरं तापवायला कोळसा फुकट दिला. दक्षिणेला दिला नाही. पैसा अपुरा होता, म्हणून नकाशावर एक रेघ ओढली. परवान्याशिवाय गाव सोडून जायची सोय नव्हती, त्यामुळे लोक जिथे होते तिथेच राहिले. दोन्ही तीरांवर तीच माणसं, तेच अन्न, फक्त हवा वेगळी. कल्याणकारी योजनेने आपोआप केलेला हा प्रयोग. २०१३ साली अभ्यासकांनी सांगितलं, उत्तरेकडची माणसं साडेपाच वर्षं कमी जगतात. टीका झाली, पद्धत सुधारली, २०१७ मध्ये फरक तीन वर्षांवर आला. त्यातून शिकागो विद्यापीठातल्या मायकेल ग्रीनस्टोन आणि सहकाऱ्यांनी सूत्र काढलं: पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढले की आयुष्य जवळजवळ एका वर्षाने घटतं. आपली देशाची सरासरी चाळिशीत, सुरक्षित मर्यादा ५. पस्तीस भागिले दहा. झाली साडेतीन वर्षं. एवढं सोपं त्रैराशिक आहे ते.

त्रैराशिकात एक गृहीत लपलेलं आहे: नुकसान सरळ रेषेत वाढतं. सगळ्यांना ते मान्य नाही. हवा आधीच फार वाईट असेल तर आणखी दहा मायक्रोग्रॅमने तेवढा फरक पडत नाही, रेघ वर जाता जाता वाकते, असं दुसऱ्या गटाचं म्हणणं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०१८ च्या अखेरीस 'लॅन्सेट'च्या भावंड-पत्रिकेत आलेल्या अभ्यासाने ही दुसरी वाट धरली. त्यांचं उत्तर १.७ वर्षं. साडेतीन की पावणेदोन, यावर भांडता येईल. मला त्या अभ्यासातला दुसराच आकडा टोचतो: २०१७ मध्ये भारतात प्रदूषणामुळे झालेल्या सुमारे १२ लाख ४० हजार मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक माणसं सत्तरीच्या आतली होती.

माझ्या मित्राचं लाडकं वाक्य इथे कोसळतं. वर्षं शेवटच्या टोकाची जात नाहीत, आणि सगळ्यांची सारखीही जात नाहीत. पंगतीत श्रीखंड कमी पडतं तेव्हा वाढपी प्रत्येकाच्या पानातून चमचा चमचा काढून घेत नाही. पहिल्या पंगतीला आग्रह होतो, शेवटच्या पंगतीला पातेलं खरवडतात. सरासरी साडेतीन म्हणजे कोणाचा एकही दिवस गेला नाही आणि कोणी सत्तेचाळिसाव्या वर्षी बसस्टॉपवर छातीला हात लावून खाली बसला. छातीला, कारण हे कण फुफ्फुसात थांबत नाहीत. रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात, गुठळी धरायला मदत करतात. हवेचे बळी मोठ्या संख्येने हृदयविकाराने आणि पक्षाघाताने जातात. म्हणूनच त्यांच्या घरच्यांना कधी हवेचा संशय येत नाही.

शेवटच्या पंगतीला कोण बसतं, हे मुंबईत पाहायला फार लांब जावं लागत नाही. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं पाडली, तेव्हा हजारो कुटुंबांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुंपणाशी, पक्की घरं देण्यात आली. कागदावर पुनर्वसन. लोकांनी आंदोलन केलं, कोर्टात गेले, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की तिथे राहायची त्यांच्यावर सक्ती करता येणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात याच न्यायालयाने मुंबईच्या हवेची स्वतःहून दखल घेतली. २०२५ च्या जानेवारीत लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत भट्ट्या बदलायला सांगितलं. या शहराचा पाव अजून बऱ्याच ठिकाणी मोडक्या फर्निचरच्या लाकडावर भाजला जातो, आणि भट्टीपुढचा पोऱ्या तिथेच माळ्यावर झोपतो. समुद्रावरचे वारे आहेत तोवर आपल्याला काही होत नाही, हा मुंबईकरांचा जुना भरवसा. वारे पडतात त्या दिवसांत तो भरवसा धुरकट होतो, एवढंच.

डिसेंबर २०१९ मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, प्रदूषणाने आयुष्य घटतं असं कुठल्याही भारतीय अभ्यासाने दाखवलेलं नाही, उगाच भीती पसरवू नये. सरकारी संस्थेच्या सहभागाचा वरचा अभ्यास तेव्हा वर्षभर जुना होता. त्याच्याही चाळीस वर्षं आधी, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेला एक ग्रामीण भाग अशी माणसं तपासली होती. खारपेक्षा लालबाग-चेंबूरमध्ये खोकला आणि धाप जास्त. भारतीय माणसं, भारतीय डॉक्टर, भारतीय धूर. मंत्री या पक्षाचे असोत वा त्या, ते येत-जात राहतील. पण या उत्तरात एक चतुराई आहे ती समजून घ्यायला हवी. एका मृत्यूकडे बोट दाखवून 'हा हवेने झाला' असं सिद्ध करता येत नाही, हे खरंच आहे. आणि सिद्ध न झालेल्या मृत्यूला वाली नसतो.

अपवाद एक. लंडनच्या लुइशममध्ये गजबजलेल्या रस्त्यालगत राहणारी एला अडू-किसी-डेब्रा २०१३ च्या फेब्रुवारीत दम्याने गेली. वय ९. पहिल्या चौकशीत श्वसनक्रिया बंद पडल्याचं लिहिलं गेलं. आई रोझामंड गप्प बसली नाही. तिने दुसरी चौकशी मिळवली, आणि २०२० च्या डिसेंबरात मृत्यूच्या कारणांत प्रथमच हवेचं प्रदूषण असं नोंदवलं गेलं. एका मुलीच्या नावापुढे ते दोन शब्द यायला सात वर्षं आणि एक हट्टी आई लागली. ग्रीनस्टोनच्या त्रैराशिकाला मी एरवी थोडा बिचकतो, पण ज्यांना अशी आई नाही त्यांच्या वतीने बोलणारं ते एकमेव गणित आहे.

आणि गणित उलटंही चालतं. अमेरिकेतल्या ५१ महानगर-क्षेत्रांत १९८० पासूनच्या वीस वर्षांत हवा सुधारली. दहा मायक्रोग्रॅम कमी झाले तिथे आयुष्य सुमारे सात महिन्यांनी वाढलेलं दिसलं. औक्षणाने मिळत असेल ते वेगळं.

मावशीला शेवटी शेवटी तालुक्याच्या गावी फुफ्फुसांची तपासणी करायला नेलं होतं. तंत्रज्ञ मुलीने तिच्या तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली आणि म्हणाली, "आजी, भरपूर श्वास घ्या आणि जोरात फुंका, फुंका, फुंका." मावशीने नळी बाजूला केली. "अगो, जन्मभर तेच केलं की," म्हणाली, आणि हसता हसता तिला उबळ आली. पडद्यावरची रेघ फार वर गेली नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं होतं. मृत्यूच्या नोंदीचा सरकारी अर्ज मावसभावाने भरला, मी शेजारी बसून होतो. त्यात विचारतात: मृत व्यक्ती धूम्रपान करत असल्यास किती वर्षे? तंबाखू खात असल्यास किती वर्षे? सुपारी? दारू? त्याने चारही रकान्यांत 'नाही' लिहिलं आणि कागद खिडकीतून आत सरकवला.