प्रिय पार्टनर

रविवारी दुपारी दीड वाजता, म्हणजे कोल्हापुरात ऐन मटणाच्या ताटाच्या वेळेला, माझ्या मावसभावाच्या मोबाइलवर निरोप आला : ‘प्रिय पार्टनर, आपले आउटलेट तात्पुरते ऑफलाइन करण्यात आले आहे.’ चुलीवर तांबडा-पांढरा उकळतोय, गल्ल्यावर माणूस बसलाय, शटर सताड उघडं. आणि जेवण मागवायच्या ॲपवर त्याची खानावळ बंद. मदतीच्या नंबरवर रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात पर्याय वाचत होती. त्यात ‘का?’ हा पर्याय नव्हता.

मला खटकला तो ‘पार्टनर’ हा शब्द. कमिशन, माथी मारलेल्या सवलती, वर दिसण्यासाठी मोजायचे पैसे, हे रडगाणं वाचकांना पाठ आहे. ते उगाळत नाही. पण भागीदाराला विचारतात आणि कुळाला कळवतात, एवढा फरक आपल्याकडं शेंबड्या पोरालाही समजतो. भावाला आजवर फक्त कळवण्यात आलंय.

पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, ‘‘काका, पटत नसेल तर ॲप सोडायचं की. कुणी धरून ठेवलंय?’’ हे ऐकलं की मला जुने जमीनदार आठवतात. चार वर्षांत कमावलेले तारे ॲपवर, गिऱ्हाइकांचे नंबर ॲपच्या वहीत. सोडायचं म्हणजे कुळानं ताली घालून, खत ओढून पिकतं केलेलं रान तिथंच टाकायचं आणि रिकाम्या हातानं बांध ओलांडायचा. पुतण्यानं बांध कधी पाहिलेला नाही, त्याला काय बोलणार!

त्याच्या दुसऱ्या प्रश्नानं मात्र मी अडलो. ‘‘आणि घाणेरड्या किचनला बाहेर कोण काढणार? तुम्ही?’’ याला उत्तर नाही. गुळाचंच बघा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी साखर मिसळलेला, नाहीतर भलतीकडचा गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून खपतोच. एकाची लबाडी अख्ख्या पेठेला भोवते. पेठ म्हटली की कुणाचा तरी वचक लागणारच.

गूळ निघालाच आहे तर सांगतो. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळासाठी. आज मार्केट यार्डात सौदा निघतो तेव्हा रव्याचा रंग, कण, चव बघून सगळ्यांसमोर भाव बोलला जातो. वजन करतो तो परवानाधारक तोलार; माल त्याचा नाही आणि त्याला घ्यायचाही नाही. बाजार समितीचं कौतुक करायला मी बसलेलो नाही, तिथलं राजकारण उसाच्या पाल्यासारखं अंग कापतं. पण भाव पाडला की शेतकरी सौदा बंद पाडतो, हे कोल्हापूरनं कितीदा पाहिलंय. ॲपचा सौदा कुठं जाऊन बंद पाडायचा? शिवाय तिथं काटा ॲपच्याच हातात. कोणाची खानावळ वर दिसणार हे तेच ठरवतं आणि वरची जागा विकतंही तेच. उपाहारगृहांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगानं एप्रिल २०२२मध्ये झोमॅटो आणि स्विगीच्या चौकशीचा आदेश दिला, त्यात ॲपवर कुणाला झुकतं माप मिळतं हाही मुद्दा होता.

लिहायला बसलो तेव्हा माझं म्हणणं होतं की, पार्टनर म्हणता तर भागीदारासारखं वागवा. आता वाटतं, भागीदारी नकोच. भावाला त्यांच्या नफ्यातोट्यात कुठं वाटा हवाय? कूळच म्हणा, पण मग कूळ कायदाही लावा. १९४८च्या त्या कायद्यानं सुरुवातीला कुळाला मालक केलं नव्हतं. खंड थकवला, जमिनीची नासाडी केली, पोटकूळ ठेवलं, अशी ठरलेली कारणं असली तरच काढता येईल. कारण लिहून तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागेल. आणि ताबा मामलेदाराच्या हुकमाशिवाय मिळणार नाही, एवढंच सांगितलं. कसेल त्याची जमीन पुढं, १९५७मध्ये. युरोपनं २०२०पासून ॲपवाल्यांना असंच बांधलंय : अटी बदलायच्या तर किमान पंधरा दिवस आधी सांगा, कायमचं काढायचं तर साधारणपणे तीस दिवस आधी कारण द्या. म्हणजे आपल्या तीन महिन्यांपेक्षा कमीच. आपल्याकडं नांगराला जे मिळालं ते पातेल्याला अजून नाही.

सोमवारी सकाळी खानावळ आपोआप पुन्हा दिसू लागली. ‘प्रिय पार्टनर, आपले स्वागत आहे.’ रविवारी का बंद केली होती, ते आजतागायत कळलेलं नाही.