मांडणीची नीती

मराठीत ‘मांडणी’ हा शब्द दोन जागी नांदतो. स्वयंपाकघरात ज्या फळ्यांवर भांडी ओळीने लावतात ती मांडणी. आणि वादात एखादे म्हणणे ज्या क्रमाने पुढे ठेवले जाते तीही मांडणीच. दोन्हीकडे एक अट गृहीत असते: जे मांडायचे ते आधी जवळ असले पाहिजे. विक्रीसाठी मांडलेल्या वस्तूच्या बाबतीत मात्र ही अट सैल होऊ लागते, आणि तेथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. लक्ष वेधून घेणारी मांडणी वस्तूविषयी बोलते, की वस्तूऐवजी बोलते?

जबलपूरजवळ भेडाघाट येथे धुवांधार धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर दगडी वस्तूंची दुकाने आहेत. देवांच्या मूर्ती, हत्ती, दिवे, डब्या असा माल फळ्यांवर दाटीने लावलेला असतो. येथील दगडी कारागिरीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि मानांकन पावलांना थांबवू शकत नाही. यात्रेकरूला धबधबा गाठायचा असतो. तो चालता चालता पाहतो, आणि त्या ओझरत्या दृष्टीवर कारागिराच्या कित्येक दिवसांच्या श्रमांचे मोल ठरते. चांगल्या वस्तूला सजावटीची गरज नसते, असे म्हणणे ज्याचे पोट विक्रीवर अवलंबून नाही त्यालाच परवडते. न दिसलेले कौशल्य बाजाराच्या दृष्टीने नसल्यासारखेच असते. म्हणून दिसण्याचा प्रयत्न हा दोष नव्हे. तो श्रमांचा हक्क आहे.

परंतु या हक्काला मर्यादा आहे. लक्ष ही पाहणाऱ्याची मालमत्ता असते. ते हिसकावून घेता येते, तसे मागूनही घेता येते. एका दुकानाने दिवे वाढवले की शेजाऱ्यालाही ते वाढवावे लागतात; अखेरीस सारी वाट उजळते, पण कोणाचाही माल अधिक दिसत नाही, केवळ सर्वांचा खर्च वाढतो.

याच भेडाघाटच्या रस्त्यावर तेवर हे गाव लागते. कलचुरींची प्राचीन राजधानी त्रिपुरी ती हीच. १९३९ मध्ये या परिसरात काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्ष सुभाषचंद्र बोस आजारी असल्याने त्यांचे छायाचित्र ५२ हत्तींच्या मिरवणुकीतून नेण्यात आले. त्याआधी १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे याच संस्थेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले होते. तेथील सजावट गांधीजींच्या इच्छेनुसार नंदलाल बोस यांनी बांबू, गवत अशा गावात मिळणाऱ्या साहित्यातून उभी केली. लक्ष दोन्हीकडे वेधले गेले. हत्तींची रांग डोळे दिपवते; पण ती जे दाखवते त्याहून स्वतःच अधिक लक्षात राहते. फैजपूरच्या मांडवाकडे पाहणाऱ्याला मात्र ज्या हातांसाठी ती सभा होती त्या हातांचेच काम दिसत होते. तेथे सजावट आणि सजवलेली गोष्ट यांत अंतर उरले नव्हते.

हस्तव्यवसायाच्या दुकानाला या दुसऱ्या वाटेने जाता येते. पांढऱ्या दगडावर समोरून प्रखर प्रकाश टाकला की कोरीव रेषा पुसट होतात. बाजूने तिरपा प्रकाश आला की छिन्नीचा प्रत्येक घाव सावलीसह उमटतो. मागे गडद कापड लावले, पन्नास मूर्तींच्या दाटीऐवजी एकीभोवती मोकळी जागा ठेवली आणि शेजारी अर्धवट कोरलेला दगड व हत्यार मांडले, तर तेवढ्यानेही पाऊल थांबते. आणि ज्यामुळे ते थांबते ते वस्तूतच असते.

याहूनही कठीण कसोटी दगडाच्या नावाची आहे. शंखजिरे हा दगड इतका मऊ असतो की त्यावर नखाचाही ओरखडा उमटतो. संगमरवरावर तो उमटत नाही. दिव्यांच्या झगमगाटात हा भेद दिसत नाही. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण येथे लागू पडते. शंखजिऱ्यात काम करणे कमीपणाचे नाही. त्याच्या मऊपणामुळेच नाजूक कोरीव काम सुकर होते. कमीपणा येतो तो दुसऱ्याचे नाव लावल्याने. म्हणून फळीवर दोन्ही दगडांचे कोरे तुकडे नावांसह ठेवावेत आणि गिऱ्हाइकाला नख लावून पाहू द्यावे. अशाने एखादा सौदा मोडेलही. तो मोडू देण्याची तयारी हीच अशा मांडणीची खरी किंमत असते, आणि ती दुकानदाराला आपल्या खिशातून द्यावी लागते.

गिऱ्हाईक मूर्ती घेऊन घरी जाते तेव्हा दिवे, कापड, मोकळी जागा हे सारे मागेच राहते. घरातल्या साध्या उजेडात मूर्ती एकटी उभी असते. दुकानात तिच्याविषयी जे सुचवले गेले, ते त्या उजेडातही खरे ठरले, तर मांडणीने आपले काम केले. ते खरे ठरले नाही, तर विकला गेला तो प्रकाश. दगड केवळ त्याचे वेष्टन होते.