हंगामी शेतमजुरी आणि विसाव्याचा धर्म

हंगामी शेतमजुराला आठवड्याची ठरलेली सुट्टी नसते. पांढुर्णा आणि सौसर तालुक्यांत संत्रा तोडायला, कापूस वेचायला किंवा गहू-हरभऱ्याच्या सवंगणीला जाणाऱ्या माणसाने दिवस भरला तर रोजी मिळते, नाही भरला तर मिळत नाही. अंग टेकायचे तर त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडावे लागते. यातून एक धर्मविषयक प्रश्न उभा राहतो. विसावा ही ज्याने त्याने आपल्या सोयीने घ्यायची गोष्ट आहे, की ते एकाचे दुसऱ्याकडे असलेले देणे आहे? आपल्या परंपरेत माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन जन्माला येतो असे मानतात. ज्याच्या हातांनी पीक घरात येते त्याच्या थकव्याचेही ऋण असते का, हा त्याच विचाराचा पुढचा भाग आहे.

हे दोन तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश असले तरी इथली बोली, स्वयंपाक आणि सणवार वऱ्हाड-नागपूरकडचे आहेत. सीमेपलीकडे नरखेड, काटोल, सावनेर आणि वरूड हे तालुके लागतात, आणि मजूर कामासाठी ही सीमा सहज ओलांडतात. काळ्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन. विहिरीचे पाणी असेल तिथे नागपुरी संत्रा. जूनमध्ये पेरणी, मग निंदण आणि डवरणी, दसरा-दिवाळीपासून जानेवारीपर्यंत कापूस वेचणी. संत्र्याचा आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडणीला येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. कामाचा लोंढा येतो तेव्हा माणसे पुरत नाहीत. छिंदवाड्याच्या डोंगराळ भागातून गोंड कुटुंबे खाली उतरतात आणि हंगामभर शेतावरच मुक्काम करतात.

कापूस वेचणाऱ्या बाया उजाडताच शिदोरी घेऊन निघतात, कमरेला फडके बांधून ओळीने वेचत जातात, आणि संध्याकाळी वजनावर पैसे होतात. किलोवर मजुरी असली की थांबण्याचा प्रत्येक क्षण स्वतःच्याच खिशातून जातो. कोणी दरडावायची गरज उरत नाही. संत्र्याचे गणित वेगळे आहे. पुष्कळदा व्यापारी झाडावरची बागच ठोक्याने विकत घेतो आणि तोडणीची टोळी त्याची असते. मालाची गाडी रात्री निघायची असते, म्हणून दिवस लांबतो. यात शेतकरी आणि मजूर यांच्यातला जुना, तोंडओळखीचा संबंध सुटतो. कोण कोणाचे देणे लागतो हेच धूसर होते, आणि या प्रश्नाची खरी अडचण तिथेच आहे.

यावर नेहमी एक उत्तर दिले जाते: मजुराला उन्हाळ्यात दोन-अडीच महिने कामच नसते, तेव्हा त्याला विसावा मिळतोच. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे संत्र्याच्या बागेतच दिसते. बहार धरण्यापूर्वी बागायतदार झाडाचे पाणी तोडतो. याला बाग ताणावर सोडणे म्हणतात. पाने मलूल होतात, झाडाची वाढ थांबते, आणि पुन्हा पाणी दिल्यावर फूल येते. पण हा ताण मोजून दिलेला असतो. हलक्या जमिनीत तो कमी दिवस, भारी जमिनीत जास्त; प्रमाणाबाहेर गेला तर झाड खचते, हे बागायतदार जाणतो. मजुराचे रिकामे महिने म्हणजे असाच ताण, फक्त तो कोणी मोजत नाही आणि त्याच्या शेवटी पाणी देण्याची जबाबदारी कोणाची नसते. घरात धान्य कमी आणि किराणा दुकानात उधारी जास्त, अशा दिवसांना विसावा म्हणता येत नाही. विसावा चालू कामाच्या मधोमध मिळायचा असतो, आणि उद्या काम व अन्न दोन्ही आहे या खात्रीने घ्यायचा असतो.

हे तत्त्व इथल्या माणसाला नवे नाही. बैलाच्या बाबतीत ते शतकानुशतके पाळले गेले आहे. श्रावणातल्या अमावास्येला पोळा येतो. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळतात, कारण वर्षभर जू तिथेच घासलेले असते. त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे रीतसर आवतण दिले जाते. पोळ्याच्या दिवशी मानेवर जू ठेवायचे नाही, चाबूक उगारायचा नाही. अंघोळ, झूल, बाशिंग, शिंगांना बेगड, आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याचा. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात, तोरण तुटले की पोळा फुटतो. मग बैल घरोघरी पूजेला जातात आणि त्यांना नेणाऱ्या गड्याला बोजारा मिळतो.

या सणातला बारकावा लक्षात घ्यावा. बैलाने विसावा मागितलेला नाही. त्याला मागताही येत नाही. तो द्यायचा ही मालकाची बांधिलकी आहे आणि तिला तिथीचा आधार आहे. निंदणाचे काम कितीही राहिलेले असो, अमावास्या पुढे ढकलता येत नाही. त्या दिवशी बैल जुंपणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. मालकाची मर्जी, पावसाचा रंग, बाजारभाव, या सगळ्यांच्या वर तो दिवस असतो. विसाव्याला धर्माचे बळ मिळते म्हणजे नेमके काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

आणि मजूर? सालदाराला पोळ्याचा मान आहे, बोजारा आहे, कुठे नवे कपडेही मिळतात. पण रोजंदारीवरच्या बाईला या दिवशी काय मिळते? तीच अमावास्या पिठोरीची. लेकरांसाठी व्रत तिचे, आणि पुरण वाटण्याचे कामही तिचेच. पोळ्यात मजुराला जे मिळते ते बैलाच्या अनुषंगाने मिळते. आता ट्रॅक्टरमुळे बैलजोड्या कमी झाल्या आणि तो अनुषंगही तुटत चालला आहे. बैलाच्या जागी यंत्र आले, पण वेचणी, तोडणी आणि निंदण अजून माणसाच्या हातानेच होते. कष्ट करणारा जीव म्हणून ज्याचे खांदे चोळावेत, तो आता मुख्यतः माणूसच उरला आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. जांब नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जात असताना नदीत दगडांनी मारले गेले, अशी आख्यायिका सांगतात. झेंडा शेवटी चंडीमातेच्या देवळात नेला जातो. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात आणि आजवर अनेकांचे जीव गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते लोकांनी स्वीकारले नाहीत. मोकळा दिवस मिळाला म्हणजे तो आपोआप पवित्र होतो असे नाही, हे इथे दिसते. हात मोडलेला मजूर पुढची कापूस वेचणी गमावतो. ज्या देवीच्या नावाने दगड उचलला तिला हे हवे असेल, असे श्रद्धेच्या कोणत्याच अंगाने म्हणता येणार नाही.

एरवी या भागातल्या कष्टकऱ्यांनी आपले मोकळे दिवस फार सुंदर रीतीने घडवले आहेत. आठवडी बाजाराचा दिवस हा त्यांतला मुख्य. चुकारा बहुधा बाजाराच्या तोंडावर होतो, म्हणून त्या दिवशी अनेकजण कामावर जात नाहीत. मीठ-मिरची घ्यायची, लेकरांना भजी-जिलेबी द्यायची, माहेरच्या माणसांची भेट घ्यायची. बायांचा मात्र अर्धा बाजार धुण्यात आणि सरपणात जातो. शनिवारी किंवा मंगळवारी सौसरजवळच्या जामसावळीला जाणे होते. तिथली हनुमानाची मूर्ती निद्रिस्त, आडवी आहे. नवस फेडायचा असेल तर देवस्थानाच्या परिसरात किंवा शेतातच गोवऱ्या पेटवून रोडगे भाजतात आणि वांग्याच्या भाजीबरोबर पंगत उठते. उघड्यावरचे हे जेवण करमणूक आहे आणि नैवेद्यही.

मोठी मोकळीक म्हणजे सातपुड्याची यात्रा. महाशिवरात्रीला विदर्भातून आणि या दोन तालुक्यांतून माणसे खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीच्या चौरागडाला महादेवाकडे निघतात. वाटेवरच्या जुन्नारदेवला पहिली पायरी मानतात. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची वाट थोडे दिवस उघडते. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून, पावसात, निसरड्या कड्यांवरून चालायचे असते. या तिथी शेतीच्या वेळापत्रकात नेमक्या बसतात: महाशिवरात्री कापूस आटोपल्यावर आणि गव्हाच्या सवंगणीआधी, नागपंचमी निंदणाचा पहिला फेर उलगडत असताना. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात वाकलेला माणूस इथे स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या चालीने डोंगर चढतो. शरीर मजुरीपेक्षा जास्त दमते, तरी यात्रेकरू त्याला विसावा म्हणतो. कारण तिथे त्याच्या श्रमाचा मालक कोणी नसतो. पण या यात्रेची रोजीही त्यालाच सोडावी लागते, हे विसरू नये.

काम हीच पूजा, हा मराठी संतविचारातला मोठा प्रवाह आहे. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला. तो पंढरपूरला गेला नाही, देवच त्याच्याकडे आला, अशी परंपरा आहे. तेराव्या शतकातल्या या माळ्याने श्रमाला दिलेली प्रतिष्ठा आजही कष्टकऱ्याला बळ देते. विदर्भात तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) ग्रामगीतेतून आणि सामुदायिक प्रार्थनेतून हाच विचार खेड्याखेड्यात नेला. मात्र सावता आपल्या मळ्यात राबत होता आणि पाटाचे पाणी कधी वळवायचे हे त्याचे तोच ठरवत होता. ‘काम हीच पूजा’ हे करणाऱ्याने म्हणायचे वाक्य आहे. करवून घेणाऱ्याने ते मजुराला ऐकवले की त्याचा अर्थ उलटा होतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्माचे महत्त्व सांगतानाच, जे मिळाले त्याची परतफेड न करता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. हा शब्द भोगणाऱ्यासाठी आहे, राबणाऱ्यासाठी नाही.

आठवड्याच्या विसाव्याला थेट धर्माज्ञेचे रूप दिले ते यहुदी परंपरेने. मराठी मुलखाला ही परंपरा परकी नाही. कोकणात शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. सब्बाथची आज्ञा कोणाकोणाला लागू आहे हे पाहण्यासारखे आहे: मुलगा, मुलगी, नोकर, दासी, गुरे आणि दारी आलेला परका. अनुवाद या ग्रंथात त्यामागचे कारणही दिले आहे: तुम्ही स्वतः इजिप्तमध्ये गुलाम होता, हे आठवा. निर्गम ग्रंथात आणखी एक कलम आहे, ते शेतीशी थेट भिडते. नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी थांबायचे आहे. म्हणजे ज्या काळात सुट्टी देणे सर्वांत जड जाते, त्याच काळाचे नाव घेऊन आज्ञा दिली आहे. पोळ्यातली आणि सब्बाथमधली दृष्टी इथे एक होते: विसावा बलवानाने दुर्बलाला देण्याचा आहे, आणि त्यासाठी दिवस कोणाच्याही मर्जीबाहेर ठरलेला हवा.

महाराष्ट्रात हे काम नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या या कार्यकर्त्याने १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला देवदर्शन आणि समाजकार्य करता आले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज ज्या रविवारला सगळे इंग्रजांची देणगी समजतात, तो खंडोबाच्या नावाने मागून घेतलेला आहे.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टी पक्की केली. त्याच वर्षीच्या किमान वेतन कायद्यात, शेतीसह त्याखाली येणाऱ्या रोजगारांसाठी, दर सात दिवसांत विसाव्याचा एक दिवस आणि त्याचा मोबदला ठरवून देण्याची तरतूद होती. सौसर तालुक्यातल्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रात कारखान्याच्या कामगाराला आठवड्याची सुट्टी आहे. त्याच रस्त्यालगतच्या बागेत संत्रा तोडणाऱ्याला ती नाही. फळ थांबत नाही, ही बागायतदाराची अडचण खरी आहे. पण तिला पाळीचा उपाय आहे: टोळीतली माणसे आळीपाळीने सुट्टी घेऊ शकतात, आणि ठोक्याचा भाव ठरतानाच त्या दिवसाची रोजी धरता येते.

बागेचा सौदा करताना कॅरेट, गाडीभाडे आणि हमाली यांचा हिशेब होतोच. त्यात तोडणीच्या टोळीला बाजाराच्या दिवसाची रोजी ही एक बाब व्यापाऱ्याने आणि बागायतदाराने यंदाच्या आंबियापासून लिहायला घ्यावी. भारतीय संविधानाच्या ४३ व्या कलमात शेतीतल्या कामगाराचे नाव घेऊन, त्याला पुरेशी फुरसत आणि सामाजिक-सांस्कृतिक जीवनाची संधी मिळावी यासाठी राज्याने झटावे, असे लिहिले आहे.