धर्म बदलला, जात राहिली

अहमदनगर वसवणाऱ्या मलिक अहमदचे वडील जन्माने ब्राह्मण होते. विजयनगरावरच्या स्वारीत बहमनी फौजेच्या हाती लागलेला तिमाभट बीदरला आला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने वजीरपदापर्यंत चढला. त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. पुढे त्याचा नातू बुऱ्हाण निजामशाह वऱ्हाडच्या इमादशाहाकडे पाथरी मागू लागला. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. मिळेना, तेव्हा लढून घेतली. निजामशाहीत चाकरी केलेला इतिहासकार फिरिश्ता ही हकिगत सांगतो. त्यात राजकारण असणारच. पण सुलतानाने मागणीचं कारण म्हणून वाडवडिलांचं गाव पुढे करावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

इथे धर्म बदलूनही मूळ विसरलं गेलं नाही; बोर्निओत याच्या उलट घडत आलं. तिथला दायाक आदिवासी मुसलमान झाला, की पिढी-दोन पिढ्यांत तो मलय म्हणूनच ओळखला जाई. मलेशियाच्या राज्यघटनेतही मलय कोण हे सांगताना भाषा आणि चालीरीतींच्या जोडीला इस्लामची अट आहे. धर्मासोबत तिथे माणसाचा समाजच बदलतो.

आपल्या गावगाड्याने मात्र धर्म बदललेल्यालाही जातीच्या चौकटीतच ठेवलं. मुलाणी बलुतेदार झाला; जत्रेच्या बोकडावर सुरी त्याचीच. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या बाजारात पेरूच्या ढिगामागचा बागवान गिऱ्हाइकाशी नगरी मराठीत घासाघीस करतो आणि शेजारच्या भावाशी दखनीत बोलतो. मुलीला स्थळ आलं, की पहिली चौकशी घर बागवानांचंच आहे ना, याची. तांबोळी, अत्तार, शिकलगार यांचंही तेच. इस्लाम जात मानत नाही, हे सगळे जाणतात. सोयरीक जमवताना ते आठवत नाही.

ही गोष्ट उघड बोलायला विसावं शतक सरत आलं. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली आणि मुसलमान म्हणजे एकजिनसी समाज, या समजुतीला धक्का दिला. मुसलमानांतल्या मागास जातींना सवलती मिळाल्या.

दलितांच्या बाबतीत मात्र कायदा अडून बसला आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. मुसलमान आणि ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. आमच्याच श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मेरीमातेच्या यात्रेत लोटणाऱ्या गर्दीत पूर्वाश्रमीच्या महार-मांगांची कितीतरी घरं आहेत. गाव त्यांची जात विसरलेलं नाही. कागदावर तेवढी ती पुसली गेली. ज्या जातीने माणूस आजही ओळखला जातो, तिचं संरक्षण धर्माकडे बोट दाखवून काढून घेणं हा अन्याय आहे. दोनदा बदललेला हा आदेश तिसऱ्यांदा बदलायलाच हवा.