जो सांभाळेल, त्याचेच घर?



सूरह बनी इस्राईलच्या २३ व्या व २४ व्या आयतींमध्ये वृद्ध माता-पित्यांविषयी जे सांगितले आहे, ते आपल्या मिंबरांवरून वारंवार सांगितले जाते. त्यांच्यासमोर कंटाळ्याचा साधा उद्गारही काढू नये, त्यांच्यापुढे नम्रतेने वाकावे, हे ऐकताना अनेकांचे डोळे पाणावतात. मग नमाज संपते, लोक चपला शोधू लागतात आणि एखादा भाऊ इमामाला बाजूला घेऊन हळूच विचारतो, तो प्रश्न मात्र सातबाराचा असतो, बक्षीसपत्राचा असतो किंवा बहिणीच्या सहीचा असतो. अमरावती असो, अकोला असो, अकोट-बाळापूर असो की अचलपूर-दर्यापूर, प्रश्नाचे मूळ बहुधा एकच: ‘अब्बांना आम्ही सांभाळले, मग घर आमचेच ना?’

या एका वाक्यात दोन स्वतंत्र हक्क एकमेकांत गुंतलेले आहेत. शरीअतने ते वेगळे ठेवले आहेत आणि देशाच्या कायद्यानेही बऱ्याच अंशी वेगळेच ठेवले आहेत. गरजू आई-वडिलांचा उदरनिर्वाह, ज्याला फिक्हच्या भाषेत नफका म्हणतात, हा त्यांचा हक्क आहे; त्यांनी आपल्याला काही दिले म्हणून तो निर्माण होत नाही आणि काही दिले नाही म्हणून संपत नाही. ज्या बापाजवळ एक गुंठाही जमीन नाही, त्याचा हक्क बागायतदार बापाइतकाच पक्का आहे. आई-वडील मुस्लिम नसले तरी हा हक्क उरतो. सूरह लुकमानची १५ वी आयत या बाबतीत स्पष्ट आहे. दुसरीकडे, मालमत्ता ही मालक जिवंत असेपर्यंत मालकाची आणि त्याच्या मृत्यूनंतर ठरलेल्या हिश्श्यांनी वारसांची. खिदमतीचा मोबदला अल्लाहकडे आहे. त्याने वारशाचे हिस्से कमी-जास्त होत नाहीत.

नफक्याची जबाबदारी केवळ मुलांवरच असते, हा आपल्याकडचा समज अर्धवट आहे. हनफी मतानुसार ऐपत असलेल्या मुलीवरही ती मुलाइतकीच येते. सर्वोच्च न्यायालयानेही १९८७ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात विवाहित, कमावत्या मुलीला वडिलांच्या पोटगीसाठी जबाबदार मानले होते. ‘माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७’ हा कायदा सर्व धर्मीयांना सारखाच लागू आहे. त्यात मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात हे सारे येतात. निपुत्रिक वृद्धाच्या बाबतीत, जो नातलग त्याची मालमत्ता वापरतो किंवा पुढे जिचा वारस होणार आहे, त्याच्यावरही ही जबाबदारी आहे. काकांच्या घराकडे डोळे लावून बसलेल्या पुतण्यांनी हे कलम जरूर वाचावे.

आता हिब्याकडे, कारण सर्वाधिक घरे इथेच फुटतात. महाराष्ट्रात मुला-मुलींना राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, इतर अधिभार वेगळे. ही सवलत चांगलीच आहे, पण तिच्यामुळे घाईही वाढली आहे. थोरला मुलगा म्हणतो, ‘अब्बा, नावावर करून टाका, पुढे भांडण नको.’ अब्बा सही करतात आणि भांडण तिथूनच सुरू होते. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषितांना साक्षीदार होण्याची विनंती केली. सर्व मुलांना असेच दिले आहे काय, असे प्रेषितांनी विचारले. नाही असे उत्तर येताच त्यांनी साक्षीस नकार दिला. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील ही हदीस आहे. अपंग, कर्जबाजारी अशा एखाद्या मुलाला गरजेपोटी अधिक देण्यास उलेमांनी वाव ठेवला आहे. परंतु इतरांना वगळण्याच्या हेतूने एकाला देणे हा अन्यायच होय.

हिबा पूर्ण होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने स्पष्ट देणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि प्रत्यक्ष कब्जा सोपवणे. मुस्लिमाचा हिबा तोंडीही होऊ शकतो, केवळ कागदावर लिहिला म्हणून त्याची नोंदणी अनिवार्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. पण कब्ज्याविना हिबा अपुरा राहतो. वडील अखेरपर्यंत मालक म्हणून घरात राहिले, भाडेही तेच घेत राहिले आणि मृत्यूनंतर पेटीतून हिबानामा निघाला, तर त्या कागदावर विसंबू नये. ते घर वारशातच धरावे लागेल. सातबारावरील फेरफारही महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे.

उलट, कब्जा सोपवून हिबा पूर्ण झाला आणि मग मुलगा बदलला, तर काय? इतर तीन इमामांच्या मते बापाला मुलाकडून हिबा परत घेता येतो. हनफी मतानुसार इतक्या जवळच्या नात्यातला पूर्ण झालेला हिबा मागे घेता येत नाही. हिब्यात ‘मला सांभाळशील’ अशी अट घातली, तरी हनफी फुकहांच्या मते हिबा टिकतो आणि अट गळून पडते. आपल्या भागातील बहुसंख्य लोक हनफी आहेत, म्हणून हे गांभीर्याने घ्यावे. २००७ च्या कायद्याचे कलम २३ इथे वृद्धाच्या मदतीला येते: सांभाळण्याच्या अटीवर बक्षीस किंवा अन्य प्रकारे मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. मात्र ६ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अशी अट होती हे सिद्ध झाले पाहिजे. प्रेमापोटी दिलेल्यात ती आपोआप गृहीत धरता येत नाही. २ जानेवारी २०२५ च्या निकालात मध्य प्रदेशातील एका मातेला तिचे घर परत मिळाले. न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावला, पण तिथेही सांभाळण्याचे लेखी वचन हाताशी होते.

माझे मत विचाराल तर राहते घर अखेरच्या श्वासापर्यंत स्वतःच्याच नावावर राहू द्यावे. मुलाला राहण्याची परवानगी द्या, मालकी देऊ नका. ज्यांना द्यायचेच आहे त्यांनी मुफ्ती आणि वकील या दोघांनाही विचारून, सर्व अपत्यांच्या उपस्थितीत, तहहयात राहण्याचा व सांभाळण्याचा स्पष्ट उल्लेख करून द्यावे.

यापेक्षा वाईट प्रकार दवाखान्यात घडतो. मृत्यूशय्येवरील आजाराला फिक्हमध्ये मर्ज-उल-मौत म्हणतात. त्या अवस्थेतील दान वसीयतीसारखे मानले जाते: ते एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि वारसाच्या नावे असेल तर इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. सलाइन लावलेल्या हाताचा अंगठा घेऊन आलेल्या भावाला या कागदाने शरीअतच्या दृष्टीने काहीच मिळत नाही, पाप तेवढे मिळते. स्मृतिभ्रंश झालेल्या आईचेही तसेच. जिला आपण काय देतो आहोत हे कळत नाही, तिचा हिबा होत नाही. मुखत्यारपत्रही माणसाची समज संपली की कायद्याने संपते. मग तिच्या कारभारासाठी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. बँकेतील नॉमिनी हा वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा असतो, त्या रकमेचा मालक नव्हे. आणि श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये आईच्या औषधासाठी आहेत, मुलाच्या मोबाइलच्या रिचार्जसाठी नाहीत. हे लिहावे लागते याचीच खंत वाटते.

बहिणींच्या सहीबद्दल थोडक्यात. वडील हयात असताना मुलीकडून हक्कसोडपत्र घेणे शरीअतच्या दृष्टीने निरर्थक आहे, कारण जो हक्क अजून जन्मलाच नाही तो सोडता येत नाही. वडिलांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असे वारस असतील आणि वडिलांचे आई-वडील हयात नसतील, तर मालमत्तेचे ४० भाग करावेत: पत्नीला ५, प्रत्येक मुलाला १४, मुलीला ७. आधी तिचे ७ भाग तिच्या हाती द्यावेत. नंतर तिने स्वेच्छेने भावाला काही दिले तर ती तिची मर्जी.

‘पण दवाखान्याला चार लाख लागले, ते मी भरले!’ हा प्रश्न रास्त आहे. वडिलांजवळ स्वतःची मालमत्ता असेल तर त्यांचा खर्च मुळात तिच्यातूनच व्हायचा असतो. मुलाने उसने म्हणून दिले आणि तसे ठरले असेल, तर ते कर्ज. आणि सूरह निसानुसार कर्ज वारशाच्या वाटणीआधी फेडले जाते. काहीही न ठरवता दिले असेल, तर ती नेकी आहे, तिचे बिल भावंडांना पाठवता येत नाही. म्हणून दवाखान्याची पहिली पावती फाटतानाच भावा-बहिणींनी बसून बोलावे, चार ओळी लिहून ठेवाव्यात. त्यात संकोच कसला?

सुनेविषयी मात्र आपण फार अन्याय करतो. सासू-सासऱ्यांची सेवा ही तिच्यावर शरीअतने घातलेली सक्ती नाही. ते कर्तव्य मुलाचे. २००७ च्या कायद्यातील ‘अपत्य’ या शब्दातही सून येत नाही. ती जे करते ते तिचे उपकार आहेत आणि त्यांचा अज्र तिला अल्लाहकडून मिळेल. रात्री आईचे अंथरूण बदलण्याची वेळ आली की मुलाने उठावे. बायकोला हाक मारून ‘जन्नत आईच्या पायांखाली’ असे सांगू नये. तसेच या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा राहत्या घरातील निवाऱ्याचा हक्क डावलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, जो वृद्ध स्वतः विचारतात आणि खाली मान घालून विचारतात: पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करणे गुनाह तर नाही? नाही. हक्क मागणे गुनाह नाही, हक्क अडवणे गुनाह आहे. वय ६० पूर्ण असेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अकोला, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, तसेच अमरावती, अचलपूर, दर्यापूर, मोर्शी येथे ही कार्यालये आहेत. आई-वडिलांना तर ६० ची अटही नाही. वकील करण्याची गरज नाही. पोटगी महिन्याला कमाल १०,००० रुपयांपर्यंत मिळू शकते. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत, अपवादात्मक स्थितीत आणखी ३० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते, पण दोन्हींपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. चालता-फिरता येत नसेल तर १४५६७ या क्रमांकावर फोन करावा, किंवा विश्वासातल्या कोणाला आपल्या वतीने अर्ज देण्यास सांगावे. अर्ज आल्यावर न्यायाधिकरण प्रकरण आधी समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते. त्या बैठकीला मोहल्ल्यातील दोन जाणत्या माणसांनी वृद्धाच्या सोबत जावे, आणि त्या दोघांत मशिदीचा इमाम असेल तर अधिक बरे.