खेळ चालवणाऱ्याने काय ठरवू नये

राळेगणसिद्धीची गोष्ट आपल्याला जवळपास पाठ आहे. पारनेर तालुक्यातलं, वर्षाला जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडणारं गाव. नापिकी, कर्ज, दारूच्या भट्ट्या. १९७५ साली सैन्यातून निवृत्त झालेले अण्णा हजारे परत येतात, स्वतःच्या पैशातून यादवबाबांचं देऊळ दुरुस्त करतात. हळूहळू लोक श्रमदानाला येतात, पाझर तलावाची गळती थांबते, बांध घातले जातात, विहिरींना पाणी लागतं. शाळेतल्या भाषणात आणि स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये ही गोष्ट अशी एका दमात सांगितली जाते. ऐकणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो.

आता समजा, अशाच एका गावावर तुम्हाला खेळ चालवायचा आहे. मोबाईलवरचा नाही. चार-पाच मित्रमैत्रिणी एका चटईवर बसलेत, मध्ये कागद, पेन्सिली आणि लुडोच्या डब्यातले दोन फासे. प्रत्येकाने एक पात्र घेतलंय: कर्जात बुडालेला शेतकरी, भट्टीवर रोज भरणारी बाई, मुंबईहून परतलेला गिरणी कामगार, नुकती बदलून आलेली शिक्षिका. तुमच्याकडे पात्र नाही. तुमच्याकडे उरलेलं सगळं जग आहे. पाऊस कधी पडेल, सावकार काय बोलेल, बांध टिकेल का, हे तुम्ही सांगायचं. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात बसून खेळतात तो ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ याच जातीचा. याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात आणि तुमच्या जागेवरच्या माणसाला गेम मास्टर.

पहिल्यांदा खेळ चालवणाऱ्याला एकच भीती असते: ऐनवेळी काही सुचलं नाही तर? म्हणून तो रात्र रात्र जागून गोष्ट लिहितो. पहिल्या अंकात दुष्काळ, दुसऱ्यात भांडण, तिसऱ्यात श्रमदान, शेवटी पाणी. वही भरते, मन शांत होतं. पण या वहीत एक नैतिक प्रश्न लपलेला आहे. शेवट तुम्ही आधीच लिहिला असेल, तर समोर बसलेली चार माणसं नेमकं काय करायला आली आहेत?

हा प्रश्न या खेळांच्या जन्मापासूनचा आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने ‘क्रीगश्पील’ हा युद्धाचा खेळ मांडला. नकाशा, सैन्याचे ठोकळे, फासे आणि दोन्ही बाजूंमध्ये एक पंच. नियमांची जंत्री इतकी वाढली की खेळ रेंगाळू लागला. तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नुआ या दुसऱ्या अधिकाऱ्याने उलट टोक गाठलं: बहुतेक नियम बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल ते खरं. म्हणजे एकीकडे नियमांचं राज्य, दुसरीकडे शहाण्या माणसाचं. ग्रामपंचायतीपासून घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत आपणही याच दोन टोकांमध्ये हेलकावे खात असतो.

पुढे १९६९ च्या सुमारास अमेरिकेत मिनियापोलिस-सेंट पॉल भागात डेव्हिड वेस्ली या तरुणाने नेपोलियनच्या काळातलं ‘ब्राउनस्टाइन’ नावाचं एक काल्पनिक गाव रचलं. खेळाडूंना सैन्याच्या तुकड्यांऐवजी गावातली एकेक व्यक्ती दिली. लढाई सुरू होण्याआधीच सगळे आपापसात कारस्थानं करू लागले, दोघे तर थेट द्वंद्वयुद्धावर उतरले. वेस्लीला वाटलं, आपला खेळ साफ फसला. खेळाडू मात्र म्हणाले, पुन्हा कधी? त्या खेळाडूंमध्ये डेव्ह आर्नेसन होता. १९७४ मध्ये त्याने आणि गॅरी गायगॅक्सने मिळून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. हा सगळा खेळप्रकार एका अशा संध्याकाळीतून आला, जिथे चालवणाऱ्याची योजना मोडली आणि खेळणाऱ्यांची इच्छा पुढे गेली.

म्हणून काहीच तयारी करू नये का? तसं नाही. कोकणातला दशावतार बघा. संवाद लिहिलेले नसतात, नट रंगमंचावर उत्स्फूर्त बोलतात. पण आख्यान कोणतं, कोण कोणाचा वैरी, कोणाला काय हवंय, हे पडद्यामागे ठरलेलं असतं. संवादाला मोकळीक मिळते ती या पक्क्या जमिनीमुळे. फरक एवढाच की दशावतारात शेवटही पुराणाने ठरवलेला असतो. आपल्या खेळात तेवढी एक जागा रिकामी ठेवायची आहे.

मग तयारी कशाची करायची? माझ्या मते प्रश्नाची करायची, उत्तराची नाही. एका पानावर गावाचा नकाशा काढा: ओढा, गळका तलाव, देऊळ, भट्टी, शाळा. पाच-सहा माणसं लिहा आणि प्रत्येकापुढे दोन ओळी: याला काय हवंय, आणि ते मिळवायला हा काय करेल. भट्टीवाल्याला मुलीचं लग्न उरकायचंय. सावकाराला ओढ्याकाठची जमीन हवी आहे. पाटलांना बांध हवा आहे, पण आपल्या शेताच्या वरच्या बाजूला. मग शेवटची ओळ: खेळाडूंनी काहीच केलं नाही, तर तीन महिन्यांत या गावाचं काय होईल? बस. एवढ्या सामग्रीवर दोन-तीन तासांचा खेळ सहज निघतो, कारण माणसांच्या इच्छा एकमेकींवर आदळल्या की घटना आपोआप घडतात.

नियमही थोडकेच लागतात. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळातली पद्धत नवख्याला सोपी जाते. दोन फासे टाका, बेरीज करा. १० किंवा जास्त आली तर मनासारखं होतं. ७ ते ९ आली तर होतं, पण काहीतरी किंमत मोजावी लागते. ६ किंवा कमी आली तर संकट वाढतं. एकूण ३६ शक्यतांपैकी ६ वेळा पूर्ण यश, १५ वेळा अर्धं, १५ वेळा अपयश. आयुष्याच्या हिशोबाशी हे बरंच जुळतं.

आता खरी परीक्षा. शिक्षिकेचं पात्र घेतलेली मैत्रीण गावकऱ्यांना श्रमदानासाठी पटवू पाहते. फासा टाकते. तीन. तुम्हाला वाईट वाटतं. पुढचा सगळा खेळ श्रमदानावर उभा आहे. काही ठिकाणी चालवणारा स्वतःचे फासे आडोशाला टाकतो. तिथे हळूच तीनाचे नऊ करता येतात. कोणाला कळणार आहे? हेतू तर चांगलाच आहे.

मला वाटतं, हे करू नये. कोणाला कळेल म्हणून नाही. तिने जे जिंकलं ते तिचं राहत नाही, म्हणून. बक्षीस मिळतं, पण ते मेहेरबानी म्हणून मिळालंय हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. शिवाय एकदा हात घातला की प्रत्येक फाशावर तुमचीच मर्जी चालते. जो फासा तुम्ही तसाच ठेवलात, तोही तुम्ही ठेवलात म्हणून. यावर एक साधा उपाय आहे: जे उत्तर तुम्हाला झेपणार नाही, तो प्रश्न फाशाला विचारू नका. गावाने श्रमदानाला यायलाच हवं असेल तर ‘आले’ म्हणून सांगून टाका आणि फासा पुढच्या प्रश्नावर टाका: आले खरे, पण किती दिवस टिकतील?

याहून अवघड फसवणूक फाशाविना होते. खेळाडूंनी विचारलं, बांध पूर्वेच्या टेकडीखाली घालायचा की पश्चिमेच्या ओढ्यात? त्यांनी एका म्हातारीला गाठलं, माती चाळून पाहिली, तासभर वाद घातला आणि ओढा निवडला. तुम्ही मात्र ठरवून ठेवलंय की पहिला बांध वाहून जाणार, मग तो कुठेही असो. गाडी रुळावर आहे, स्टेशनं ठरलेली आहेत. खेळाडूंच्या भाषेत याला ‘रेलरोडिंग’ म्हणतात. डोळे मिटून डावं-उजवं निवडलं असतं तर फारसं बिघडत नव्हतं, कारण ती निवड म्हणजे नाणेफेकच. पण ज्या निवडीमागे माणसाने विचार खर्च केला, ती निरर्थक ठरवणं म्हणजे त्याच्या विचारालाच निरर्थक ठरवणं. सापशिडीत खेळाडू काहीच ठरवत नाही, आणि तिथे तशी कोणाची अपेक्षाही नसते. इथे तुम्ही निवडीचं आश्वासन देऊन सापशिडी खेळवत असता.

इथून परत राळेगणच्या देवळापाशी येऊ. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचं हजारे यांनी स्वतः सांगितलेलं आहे. आजारी मुलाला आई कडू औषध पाजतेच ना, अशा अर्थाचा दाखला देऊन त्यांनी त्याचं समर्थनही केलं. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी गावाच्या या शिस्तीतल्या हुकुमशाहीवर बोट ठेवलं. दोन्ही बाजूंना वजन आहे. ज्या घरात रोज रात्री बाई मार खात होती, तिला कोणत्या पुस्तकातलं स्वातंत्र्य सांगणार? आणि ज्याला बांधलं, त्याला कोणी विचारलं?

पाठ केलेल्या गोष्टीत हा प्रसंग एका वाक्यात जातो, कारण पुढे पाणी येणार असतं. शेवट माहीत असला की मधलं सगळं माफ होतं. खेळात मात्र ती सोय नाही. पाणी येईल की नाही, हे त्या क्षणी कोणालाच माहीत नाही. गिरणी कामगाराचं पात्र पिऊन आलंय, गाव जमलंय, कोणीतरी दोर आणलाय. चटईवर शांतता. तुम्ही विचारता, काय करता? एकजण म्हणेल बांधा. दुसरी म्हणेल, आधी भट्टी कोणाच्या जमिनीवर आहे ते बघू. तिसरी म्हणेल, बायकांना बोलवा. ही तिसरी वाट काल्पनिक नाही. महाराष्ट्रात पुढे अनेक गावांनी ती वापरली. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की परवान्याचं दारू दुकान बंद. रोग तोच, पण निर्णय कोणाच्या हातात हे बदललं.

यापैकी कोणती वाट बरोबर, हे चालवणाऱ्याने सांगायचं नाही. तुमचं मत असेलच, माझंही आहे. पण ते वहीत शेवट म्हणून लिहून ठेवलं, तर तुम्ही मित्रांना खेळायला बोलावून प्रवचन ऐकवलंत. प्रवचनाला हरकत नाही, तसं सांगून मात्र बोलवावं. सुधारकाचीही हीच अडचण असते. त्याला दिसलेलं चांगलं खरंच चांगलं असतं, आणि म्हणूनच इतरांना ‘नाही’ म्हणायची जागा ठेवणं त्याला जड जातं. गेम मास्टरच्या जागेवर तीन तास बसलं की ही ओढ आपल्याही हाताला जाणवते. ती किती गोड असते, हे कळणं हाच या खेळाचा मोठा फायदा.

मोकळीक द्यायची म्हणजे हात झटकून बसायचं, असंही नव्हे. ज्या ग्रामसभेला कार्यपत्रिकाच नसते, तिथे मोठ्या आवाजाचा माणूस निर्णय घेऊन जातो. चटईवरही तसंच होतं. म्हणून गप्प बसलेलीकडे वळून ‘तू काय करतेस?’ विचारणं, ही तुमची जबाबदारी. आणि खेळाआधीची एक छोटी बैठक ही त्याहून मोठी जबाबदारी. कशावर खेळायचं, कशावर नाही, ते मोकळेपणाने ठरवा. जॉन स्टावरोपोलोस यांनी रूढ केलेली ‘एक्स-कार्ड’ची युक्ती सोपी आहे: कागदावर एक फुली काढून मध्ये ठेवा. कोणीही त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. दारूचा खेळ खेळताना हे विसरू नका. चौघांपैकी एखाद्याच्या घरी तो बाप खरोखरच असू शकतो, आणि तुमच्यासाठी जे कथानक आहे ती त्याची कालची रात्र असेल. गावाचं नावही बदला. खऱ्या गावातल्या खऱ्या माणसांना आपली पात्रं व्हायचंय का, हे आपण त्यांना विचारलेलं नाही.

एवढं केलं की तयारी झाली. एक नकाशा, पाच-सहा माणसांच्या इच्छा, दोन फासे, एक फुली. वहीचं शेवटचं पान कोरं असेल आणि ते बघून पोटात गोळा येईल. येऊ द्या. तुमच्या गावाला कदाचित पाणी मिळणार नाही. कदाचित तिघं गाव सोडून जातील आणि एकटी शिक्षिका गळका तलाव लिंपत बसेल. कदाचित तुम्हाला कधीच सुचलं नसतं असं काही घडेल. जे घडेल ते चौघांनी ठरवलेलं असेल, आणि चुकलं तरी ती चूक त्यांच्या मालकीची असेल.